उजळाईवाडीचं विमान आणि घरापासूनचा रस्ता

पोरांनो, विमानाची वेळ कंपनी ठरवते. घरातून निघायची वेळ मात्र पंचगंगा, हायवे आणि उसाचा हंगाम ठरवतात. कोल्हापूरच्या विमानतळावर ये-जा करणाऱ्यानं एवढी गोष्ट मनात पक्की धरली की निम्मी काळजी मिटते. उरलेली निम्मी मिटावी म्हणून हे कानमंत्र लिहून ठेवतोय. घरातल्या पोरांनी, सुनांनी, जावयांनी वाचावेत आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावेत.

उजळाईवाडीच्या माळावर छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ साली विमानतळ सुरू झाला. मधली कित्येक वर्षं तिथली सेवा कधी चालू, कधी बंद अशीच गेली. १० मार्च २०२४ ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. आता बेंगळुरूला नोकरी करणारा पोरगा इथूनच जातो, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई इथूनच जाते आणि बालाजीच्या दर्शनाला निघालेलं जोडपंही इथूनच जातं. यातली पुष्कळ माणसं पहिल्यांदा विमानात बसणारी असतात. मुंबई-पुण्यात एक विमान चुकलं तर तासा-दोन तासांत दुसरं मिळतं. आपल्याकडं एका गावाला दिवसातून एखाददुसरं विमान, काही गावांना तर आठवड्यातले ठरावीक वारच. म्हणून इथं चुकायला जागा कमी आहे.

नदीच्या कुठल्या अंगाला राहता?

विमानतळ पंचगंगेच्या दक्षिणेला आहे. राजारामपुरी, गोकुळ शिरगाव, कागल, निपाणी, गारगोटी या बाजूच्या माणसांना पंचगंगा ओलांडावी लागत नाही. सांगली, मिरज, जयसिंगपूर, इचलकरंजी, हातकणंगले, पेठवडगाव, इस्लामपूर, पन्हाळा या बाजूच्या माणसांना ती ओलांडावीच लागते. उन्हाळ्यात या फरकाला काही किंमत नसते. जुलै-ऑगस्टात सगळी किंमत यालाच असते.

२०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेवर पाणी आलं आणि वाहतूक दिवसेंदिवस बंद राहिली. विमानतळ समोर असूनही पलीकडच्यांना तो गाठता आला नसता. म्हणून पावसाळ्यात तिकीट असेल तर तीन-चार दिवस आधीपासून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत जा. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. आकडा एकटा बघू नका, तो चढतोय की उतरतोय ते बघा. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. त्यातले किती उघडले आणि कधी उघडले तेही विचारा, कारण तिथलं पाणी कोल्हापुरात पोचायला काही तास जातात. सकाळी बंधाऱ्यावर पाणी स्थिर दिसतं, दरवाजे आदल्या रात्री उघडलेले असतात आणि संध्याकाळी चित्र पालटतं.

पातळी इशाऱ्याच्या पुढं गेलीय, पाऊस चालू आहे, दरवाजे उघडे आहेत, असं असेल तर पलीकडच्या माणसानं आदल्या दिवशीच अलीकडं यावं. राजारामपुरीत, विद्यापीठाच्या बाजूला किंवा गोकुळ शिरगावात पाहुण्यांकडं मुक्काम करावा. पाहुणे नसतील तर लॉजवर राहावं. एका रात्रीचं भाडं बुडालेल्या तिकिटापेक्षा स्वस्तच पडतं.

गगनबावड्याकडून येणाऱ्यांचा रस्ता तर हायवेच्या कितीतरी आधी मांडुकलीजवळ बंद होतो. रत्नागिरी रस्त्यानं येणाऱ्यांना केर्लीजवळ पाणी अडवतं. मग वाठार-बोरपाडळे मार्गानं हायवेला लागता येतं, पण पुढं शिरोली आहेच. इचलकरंजीकरांना हेर्ले-शिरोलीची एक वाट आणि हुपरीकडची दुसरी. दोन्ही वाटांवर नदी आहे हे विसरू नका. दक्षिणेकडच्यांनीही निर्धास्त राहू नये. निपाणीच्या अलीकडं यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलेलं आपण बघितलंय.

सगळ्यांनाच उजळाईवाडी जवळ नाही

जिल्हा कोल्हापूर म्हणून विमानही कोल्हापूरचंच, असं नसतं. चंदगडच्या माणसाला बेळगावचा सांबरा विमानतळ कितीतरी जवळ पडतो. आजरा-गडहिंग्लजच्या माणसानं दोन्हीकडची तिकिटं आणि दोन्हीकडचं गाडीभाडं मांडून बघावं. तळकोकणात सावंतवाडी-बांद्याकडं जायचं असेल तर गोव्याचं मोपा सोयीचं. कऱ्हाडकरानं पुण्याचाही विचार करावा, कारण तिथून विमानं जास्त सुटतात. तिकीट पाचशे रुपयांनी स्वस्त मिळालं म्हणून दीड हजाराची गाडी करू नये. घरापासून घरापर्यंतचा खर्च धरावा आणि मग ठरवावं.

सीमाभागातून येणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. दोन्ही राज्यांत वातावरण तापलं की एसटी कोगनोळीच्या पुढं जात नाही आणि तिकडच्या बसही अलीकडं येत नाहीत. अशा दिवसांत बसच्या भरवशावर विमानाला निघू नका.

वेळ कशी धरायची

देशातल्या विमानांचे काउंटर साधारण सुटायच्या एक तास आधी बंद होतात. आपला विमानतळ लहान, रांग आखूड, म्हणून तासभर आधी गेलं तरी चालतं, असं पुष्कळांना वाटतं. पण लहान विमानतळावर कंपनीची माणसंही मोजकीच असतात. जी पोरगी काउंटरवर बॅग तोलून घेते तीच पुढं गेटवर तिकीट तपासायला जाते. काउंटर एकदा बंद झाला की तिथं विनवणी करायलाही कुणी उरत नाही. म्हणून दीड ते दोन तास आधी दारात असावं.

तिथून मागं मोजायचं. सांगलीहून अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, पण धरायचे दोन तास. हातकणंगल्यापासून पुढं दर फाट्यावर गाडी अडते. ऊस तोडणीचा हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. त्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ता धरून चालतात. त्यांना ओलांडायची घाई करू नका, विशेषतः पहाटे आणि रात्री. पुष्कळ ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, आणि बाहेर आलेला ऊस अंधारात दिसत नाही. अर्धा तास जादा धरून निघाल्यावर ट्रॅक्टरच्या मागून चाळीसच्या वेगानं जायला जीव तयार होतो.

हंगामाच्या तोंडावर ऊसदराचं आंदोलन असतं. चक्काजाम बहुधा आधी जाहीर होतो, त्यामुळं आदल्या दिवशीच्या पेपरचं स्थानिक पान वाचून ठेवा. कऱ्हाड-इस्लामपूरकडून येणाऱ्यांनी किणीच्या टोलनाक्याची रांग आणि सहापदरीकरणाच्या कामाची वळणं हिशेबात धरावीत. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते रात्रीच बघा.

शहरातून जाताना कावळा नाका-तावडे हॉटेल हीच एक वाट डोळ्यांपुढं ठेवू नका. संध्याकाळी तिथं गाड्या मुंगीच्या चालीनं सरकतात. शहराच्या मधल्या आणि दक्षिण भागातल्या माणसांना राजारामपुरी, सायबर चौक, शिवाजी विद्यापीठ, शाहू नाका आणि तिथून उजळाईवाडी ही वाट बरी पडते. अंतर दहा किलोमीटरच्या आतलं, तरी पाऊण तास धरा. नवरात्रात आणि चैत्रात जोतिबाच्या यात्रेला आणखी जादा. हुपरी-पट्टणकोडोलीकडून येणाऱ्यांनी जुन्या सवयीनं नेर्ली-तामगावच्या वाटेला लागू नये. विमानतळ वाढवताना त्या बाजूच्या रस्त्यांत बदल झालेत. एकदा रिकाम्या वेळेत जाऊन वाट बघून ठेवावी.

वडाप, केएमटी, रिक्षा की आपली गाडी

कागल, गोकुळ शिरगावकडं जाणारी वडापची जीप किंवा केएमटीची बस हायवेवर सोडते. तिथून आत टर्मिनलपर्यंत बॅगा ओढत जावं लागतं. एकटा तरणा पोरगा आणि पाठीवर एक सॅक असेल तर हा स्वस्त आणि चांगला मार्ग आहे. बरोबर म्हातारं माणूस, लेकरू किंवा दोन बॅगा असतील तर तो विचार सोडा. हायवेवर उतरून रस्ता ओलांडणं फार धोक्याचं आहे. गाड्या ज्या वेगानं येतात त्याचा अंदाज म्हाताऱ्या डोळ्यांना येत नाही.

रिक्षा ठरवताना जायचं भाडं आणि रिकाम्या परतीचं भाडं एकदमच बोलून घ्या. मोबाईलवरची टॅक्सी ऐन वेळी मिळेल असं धरून चालू नका, मुंबईसारख्या दर मिनिटाला गाड्या इथं फिरत नाहीत. ओळखीच्या रिक्षावाल्याला आदल्या दिवशी सांगावं, रात्री एकदा फोन करून आठवण द्यावी आणि दुसऱ्या एकाचा नंबर जवळ ठेवावा. पहाटेचं विमान असेल तर गाडीवाल्याला विमानाची वेळ सांगू नका, दारात यायची वेळ सांगा. विमान आठला सुटतंय म्हटलं की तो आपल्या मनानं हिशेब करतो आणि सातला उगवतो.

तिकिटावर नंबर कुणाचा?

आपल्याकडं पुष्कळ तिकिटं एजंट काढतो. तो तिकिटावर स्वतःचा मोबाईल नंबर टाकतो. विमानाची वेळ बदलली, विमान रद्द झालं, तर निरोप त्याच्या फोनवर जातो. तो कामात असतो आणि आपण बॅगा भरून निघालेले असतो. म्हणून तिकीट काढतानाच सांगा : प्रवाशाचा नंबर टाका, आणि प्रवासी म्हातारा असेल तर मुलाचा किंवा सुनेचा टाका. निघायच्या आदल्या रात्री आणि घर सोडताना असं दोनदा कंपनीच्या ॲपवर किंवा फोनवर विचारून घ्या.

नावाचंही तसंच. आपल्या बायकांचं नाव आधार कार्डावर एक, मतदान कार्डावर दुसरं, कुठं माहेरचं आडनाव तर कुठं सासरचं. तिकिटावरचं नाव आणि जवळचं ओळखपत्र एकच पाहिजे. तिकीट काढायच्या आधी आधार कार्ड समोर ठेवा आणि अक्षर न अक्षर जुळवा. ‘सगळे तिला अक्काच म्हणतात’ हे दारावरच्या जवानाला सांगून उपयोग नाही.

बॅग भरताना

सोबत न्यायची बॅग सात किलो आणि काउंटरवर द्यायची पंधरा किलो, असा बहुतेक कंपन्यांचा हिशेब असतो. आपल्या तिकिटावर काय लिहिलंय ते बघा आणि घरीच तोलून घ्या. वजनकाटा नसेल तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडं नेऊन तोला. गुळाची ढेप, तांदूळ आणि चपलांचे जोड मिळून पंधरा किलो कधी ओलांडतात ते कळत नाही, आणि काउंटरवर जादा किलोचे पैसे गुळाच्या कितीतरी पट पडतात. लहान विमानात डोक्यावरचे कप्पेही लहान असतात, त्यामुळं हातातली बॅग फुगवू नका.

कांदा-लसूण चटणी नेल्याशिवाय आपलं माणूस परगावी जात नाही. न्यावी, पण नीट न्यावी. चटणी, तिखटाची पूड, लोणचं हे सगळं काउंटरवर द्यायच्या बॅगेत घाला. हातातल्या बॅगेत सापडलं तर काढून ठेवतात. डब्याच्या तोंडावर आधी प्लास्टिकचा कागद घाला, त्यावर झाकण फिरवून बसवा आणि झाकणाच्या सांध्यावरून चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. मग डबा पिशवीत घालून गाठ मारा आणि जुन्या लुगड्यात किंवा टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या मधोमध उभा ठेवा. कडेला ठेवला तर आपटून झाकण उघडतं आणि तेल सगळ्या कपड्यांवर येतं.

अंबाबाईच्या ओटीतला नारळ ही इथली नेहमीची अडचण. नारळ विमानात हातात नेऊ देत नाहीत. सुकं खोबरं तर तेलामुळं पेट घेणारं म्हणून काउंटरच्या बॅगेतही चालत नाही. देवीचा प्रसाद दारावर सोडून जाताना माणसाचा जीव तुटतो. त्यापेक्षा नारळ घरीच वाढवावा, घरच्यांनी प्रसाद घ्यावा आणि बरोबर कुंकू, साखरफुटाणे न्यावेत. म्हणजे प्रसादाचा मानही राहतो आणि तपासणीत खोळंबाही होत नाही.

आजीची चंची घरीच उघडून बघा. आत सुपारी कातरायचा अडकित्ता असतो. ती वस्तू तिच्याजवळ पन्नास वर्षं असते आणि ती कुणाला इजा करील असं तिच्या मनातही येत नाही. तपासणीत तो निघाला की सगळ्यांपुढं पिशवी उपसावी लागते आणि अडकित्ता तिथंच राहतो. तो आधीच काउंटरच्या बॅगेत घाला आणि तिला कातरलेली सुपारी द्या. आजोबांच्या खिशातली काडेपेटी, लायटर, चाकू काढून घरी ठेवा. उलट पॉवर बँक काउंटरच्या बॅगेत चालत नाही, ती हातातल्या बॅगेत पाहिजे. रोजची औषधं, डॉक्टरची चिठ्ठी आणि चष्मा हेही हाताशीच ठेवा.

म्हातारं माणूस एकटं पाठवताना

इथं विमानात बहुधा शिडीनं चढावं लागतं आणि टर्मिनलपासून विमानापर्यंत उघड्यावरून जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. ऐन वेळी मागितली तर मिळायला उशीर होतो. यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही. व्हीलचेअरबरोबर कंपनीचं माणूस येतं आणि उतरल्यावरही ते थेट बाहेरपर्यंत पोचवतं. मुंबई-हैदराबादच्या मोठ्या विमानतळावर वाट चुकायची भीतीही त्यामुळं राहत नाही.

एका कागदावर चार ओळी मोठ्या अक्षरात लिहून द्या : विमानाचा नंबर, उतरायचं गाव, न्यायला येणाऱ्याचं नाव आणि फोन. तो कागद खिशात किंवा पोलक्यात ठेवायला सांगा. मोबाईलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

परत येताना

न्यायला येणाऱ्यानं छापील वेळ बघून निघू नये. तिकडून विमान उडाल्याची खात्री झाली की निघावं. हैदराबाद, बेंगळुरू, मुंबईहून यायला साधारण तास-दीड तास, आणि रस्ता मोकळा असेल तर सांगलीहून गाडी यायलाही तेवढाच वेळ लागतो. प्रवाशानं विमानात बसल्यावर, फोन बंद करायच्या आधी घरी एक फोन करावा, एवढं पुरतं. संध्याकाळी उशिरा उतरणाऱ्यानं गाडी आधीच ठरवून ठेवावी. शेवटचं विमान आल्यावर तो परिसर लवकर रिकामा होतो. एकट्या मुलीनं गाडीत बसायच्या आधी नंबरप्लेटचा फोटो घरी पाठवावा. गाडीवाल्याला त्यात राग यायचं कारण नाही, सज्जन माणूस उलट कौतुक करतो.

विमान रद्द झालं तर

पावसाळ्यात ढग खाली उतरले किंवा हिवाळ्यात सकाळी धुकं दाटलं की लहान विमानतळांवर विमान उतरू शकत नाही, ते दुसरीकडं वळवतात किंवा रद्द करतात. यात वैमानिकाला दोष देऊ नका, तो जिवाची जबाबदारी पाळतोय. कंपनीनं विमान रद्द केलं तर दुसऱ्या विमानाची सोय किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक मागायचा आपल्याला हक्क आहे. हवामानामुळं रद्द झालं तर वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही, पण तिकिटाचे पैसे मिळतातच. काउंटरवरून रद्द झाल्याचा निरोप लेखी किंवा मेसेजवर घ्या, मगच बाहेर पडा.

दुसरी वाट घरातून निघतानाच ठरवून ठेवा. मुंबईचं काम असेल तर कोल्हापूर स्टेशनवरून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस आहे. पुण्यापर्यंत एसटी आणि खासगी गाड्या रात्रभर आहेत. नोकरीची मुलाखत, परदेशाचं पुढचं विमान, कोर्टाची तारीख, ऑपरेशन अशी चुकवून न चालणारी कामं असतील तर त्याच दिवसाच्या विमानावर विसंबू नका, एक दिवस आधी पोचा. मुंबईहून पुढं परदेशी जाणाऱ्यानं दोन्ही विमानं एकाच तिकिटावर काढली तर पहिलं रद्द झाल्यावर पुढची सोय कंपनीला करावी लागते. वेगवेगळी काढली तर भार आपल्यावर येतो.

आता शेवटचं, आणि हे पोचवायला जाणाऱ्यांसाठी. माणूस दारातून आत गेलं की हात हलवून लगेच गाडी वळवू नका. आत गेल्यावर विमान रद्द झालं तर ते बॅगा घेऊन एकटं बाहेर येतं, आणि तोवर तुम्ही शिरोलीच्या पुढं गेलेले असता. विमान उडेपर्यंत थांबा. दीड-दोन तासांचाच प्रश्न असतो. आई-वडिलांना पहिल्यांदा विमानात बसवत असाल तर एवढा वेळ त्यांच्यासाठी जरूर काढा.